हद्द एका दिवसात सरकते, नियम नाही

हद्दवाढीवरचं कुठलंही रिसर्च प्रपोजल उघडा. पहिल्या दोन-तीन पानांत बहुतेक वेळा शेजारीशेजारी दोन नकाशे सापडतील. डावीकडे महापालिकेत येण्याआधीचं गाव, उजवीकडे आल्यानंतरचं. डावीकडे हिरवा-पिवळा रंग जास्त, उजवीकडे लाल जास्त. खाली वाक्य ठरलेलं : 'समावेशानंतर बांधकामाखालील क्षेत्रात लक्षणीय वाढ झाली.' आणि शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष, की हद्दवाढीमुळे जमिनीच्या वापराचे नियम बदलले आणि म्हणून शेतं गेली, इमारती आल्या.

हा साचा मला पाठ आहे, कारण माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा त्याच साच्यातला होता. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये आलेली ११ गावं मी घेतली होती. २०१७ च्या आधीची पाच वर्षं, नंतरची पाच वर्षं, सॅटेलाईट इमेजेस, क्लासिफिकेशन, अचूकता तपासणी, सगळं नीट. गाइड मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला : "ज्या दिवशी हद्द बदलली त्या दिवशी या गावांत नेमका कोणता नियम बदलला?" मी म्हटलं, महापालिकेचे बांधकाम नियम लागू झाले असणार. "असणार म्हणजे? कुठे लिहिलंय?" मला दाखवता आलं नाही. पुढचे चार महिने ते शोधण्यात गेले आणि मसुदा टाकून द्यावा लागला.

तुम्ही या विषयात शिरणार असाल तर तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. शहरीकरणाच्या आपल्याकडच्या अभ्यासांत मला जो सगळ्यात मोठा दोष वाटतो, तोही यातच आहे.

आधी साधी गोष्ट. हद्द बदलणं आणि जमिनीचे नियम बदलणं ही महाराष्ट्रात दोन वेगळ्या कायद्यांची कामं आहेत. हद्द बदलते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली. राज्य सरकार अधिसूचना काढतं, राजपत्रात छापतं, झालं. जमिनीचा झोन ठरतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याचं कलम ३४ सांगतं, की नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत नवा भाग आला तर त्याचा विकास आराखडा तयार करायचा. करायचा म्हणजे पहिल्यापासून : आराखडा करण्याचा इरादा जाहीर करा, जमिनीच्या सध्याच्या वापराचा सर्व्हे करा, प्रारूप प्रसिद्ध करा, हरकती-सूचना मागवा, सुनावण्या घ्या, सरकारकडे पाठवा. या प्रत्येक पायरीला कायद्यात मुदत आहे आणि जवळजवळ प्रत्येक मुदत वाढवता येते. दरम्यान गावाला लागू राहतो तो आधीचाच प्रादेशिक आराखडा. तुमच्या गट नंबरवर तिथे शेती झोन असेल, तर महापालिकेत आल्याच्या दुसऱ्या दिवशीही तो शेती झोनच असतो.

(इथे एक गोंधळ कायमचा मिटवून टाका. एनए होणं आणि झोन बदलणं वेगळं. एनए हा महसुली विषय, झोन हा नियोजनाचा. सातबारा वाचून झोन कळत नाही.)

आता पुण्याच्या तारखा लावून बघू. सप्टेंबर १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली. मिळकतकराला मोठा विरोध झाला आणि २००१ मध्ये त्यातली १५ गावं वगळली. उरली २३. यांत बाणेर, बालेवाडी, खराडी, वारजे ही आज 'जुनं पुणे' वाटावीत अशी नावं आहेत. या २३ गावांच्या विकास आराखड्याचे तुकडे वेगवेगळ्या वेळी मंजूर होत गेले. सगळ्यात वादग्रस्त तुकडा टेकड्यांचा होता, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा, ज्याला सगळे बीडीपी म्हणतात. साडेनऊशे हेक्टरांहून जास्त जमीन. तिथे बांधकाम होऊ द्यायचं का, जमीनमालकाला मोबदला काय, यावर सरकारचा निर्णय आला २०१५ मध्ये : आरक्षण कायम, मोबदला ८ टक्के टीडीआर. हद्द १९९७ ची, टेकडीचा निर्णय २०१५ चा. मध्ये अठरा वर्षं. १९९७ मध्ये पहिलीत बसलेलं पोर तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागलं.

तर मग १९९७ हे वर्ष 'आधी' आणि 'नंतर' यांच्या मधली रेघ म्हणून वापरायचं कशाच्या जोरावर?

मला वाटतं ही सवय आपल्याला बाहेरच्या पेपर्समधून लागली. आपण लिटरेचर रिव्ह्यू करताना अमेरिकेतले अभ्यास भरपूर वाचतो, आणि तिथे काही ठिकाणी ही रेघ खरोखर अर्थपूर्ण असते. कॅलिफोर्निया घ्या. तिथे शहराची हद्द वाढवायचा प्रस्ताव प्रत्येक काउंटीतल्या एका स्वतंत्र आयोगाकडे जातो, आणि शहराने त्या जमिनीचा झोन आधीच ठरवलेला असावा अशी राज्याच्या कायद्याची अट आहे. एवढंच नाही, हद्दीत आल्यावर दोन वर्षं तो झोन सहसा बदलता येत नाही; परिस्थिती बदलली आहे असं नगर परिषदेने जाहीर सुनावणीत नोंदवलं तरच अपवाद. म्हणजे तिथे झोन आधी, हद्द मागून. हद्दीची तारीख घेतली की नियमाची तारीख जवळपास हाताला लागते. तिथली पद्धत उचलून हवेली तालुक्याला लावली, की सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. उत्तर येतं, पी व्हॅल्यूसुद्धा छान येते. फक्त ते उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे हे कुणाला सांगता येत नाही.

२०२१ ची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. ३० जून २०२१ ला वाघोली, म्हाळुंगे, सूस, मांजरी बुद्रुक, खडकवासला अशी २३ गावं महापालिकेत आली. (हो, पुन्हा २३च. १९९७ ची २३ आणि २०२१ ची २३ वेगळी. मी स्वतः एका टेबलमध्ये ही घोळ केलेली यादी दोन महिने बाळगली होती.) पुण्याचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, मुंबई महापालिकेपेक्षाही मोठं. आणि त्याच जुलैमध्ये सरकारने या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमलं. म्हणजे रस्ता, पाणी, कचरा महापालिकेने बघायचा आणि विकास आराखडा दुसऱ्याच संस्थेने करायचा. पीएमआरडीएने आपल्या सगळ्या प्रदेशाचा प्रारूप आराखडा त्याच सुमारास प्रसिद्ध केला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूपच रद्द करायचा निर्णय घेतला.

आता तुम्ही वाघोलीसाठी 'समावेशाचा परिणाम' मोजायला २०२१ ची रेघ मारली, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना काय काय पडलंय ते बघा. डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर आली, म्हणजे मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली. ती महापालिकेलाही लागू आणि पीएमआरडीएलाही. मूळ एफएसआय साधारण १.१, त्यावर प्रीमियम आणि टीडीआर किती मिळणार हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर जास्तीचं काही नाही. हा बदल वाघोलीत लागू झाला तेव्हा वाघोली ग्रामपंचायत होती. त्यातच सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात सरकारने मुद्रांक शुल्कात मोठी सवलत दिली होती आणि घरांच्या नोंदण्या धडाधड झाल्या. म्हणजे हद्द सरकण्याच्या आधीच्या दहा महिन्यांत नियमावली बदलली, शुल्क बदललं, शिवाय कोविड चालू होताच. ३० जूनला बदललं ते प्रामुख्याने नगरसेवक कुणाचा आणि कर कुणाला हे. तुमच्या मॉडेलमध्ये मात्र सगळं श्रेय, किंवा सगळा दोष, ३० जूनच्या खात्यावर जमा होणार.

यावर एक आक्षेप माझ्या एका सीनिअरने घेतला आणि तो योग्य आहे. तो म्हणाला, नियम कागदावर बदलले नसतील, पण लोकांची अपेक्षा बदलते की. गाव महापालिकेत जाणार म्हटल्यावर भाव वाढतात, प्लॉट पडतात, बांधकामं होतात. मान्य. पण मग रेघ आणखी मागे जाते. ११ आणि २३ मिळून जी ३४ गावं होतात, त्यांच्या समावेशाची प्रारूप अधिसूचना २०१४ मध्येच निघाली होती. त्यानंतरची तीन ते सात वर्षं त्या गावांतला प्रत्येक जमीनमालक, प्रत्येक एजंट, प्रत्येक बिल्डर 'आज ना उद्या आत जाणार' हे धरूनच व्यवहार करत होता. तुम्ही ज्याला 'आधीचा काळ' म्हणून तुलनेचा पाया धरताय, तोच काळ अपेक्षेने भरलेला आहे. आणि त्याच्याही मागे जा : ही गावं यादीत आली कशी? ती आधीच झपाट्याने बांधली जात होती म्हणून. संविधानाच्या अनुच्छेद २४३-क्यूमध्येच मोठं नागरी क्षेत्र ठरवताना लोकसंख्या, घनता, बिगरशेती रोजगार बघायला सांगितलंय. बांधकाम वाढलं म्हणून समावेश झाला आणि समावेश झाला म्हणून बांधकाम वाढलं, या दोन वाक्यांत तुमचे दोन नकाशे फरक करू शकत नाहीत. डॉक्टर जास्त असलेल्या वॉर्डात पेशंट जास्त दगावतात, म्हणून डॉक्टर घातक, असं म्हणण्यासारखं आहे ते.

आता त्या लाल रंगाकडे येते. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांची खरी परीक्षा तिथे आहे.

सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटरच्या आसपास. जवळजवळ बरोबर एक पिक्सेल! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. पुण्याभोवतीची हजारो घरं याच मापाची : शेतीच्या गटातून एक-दीड गुंठा घेतलेला, खरेदीखत सामाईक क्षेत्राचं, वर दोन-तीन मजले. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, त्यात असे नऊ गुंठे मावतात. तिथे रीतसर परवानगीची एक इमारत आणि विनापरवाना नऊ घरं सारखीच लाल दिसतात. 'बांधकाम वाढलं' हे पिक्सेल सांगतो. ते कोणत्या नियमाखाली वाढलं, की कोणत्याच नियमाखाली नाही, हे तो सांगूच शकत नाही. आणि आपल्या संशोधनाचा प्रश्न तर नियमांचाच होता!

ग्राउंड ट्रुथिंगसाठी मी एका समाविष्ट गावात फिरत होते तेव्हाची गोष्ट. हातात टॅब, त्यावर माझा नकाशा. एका घरासमोर उभी राहून पॉइंट घेत होते तर आतून साठीचे काका बाहेर आले. आधी त्यांना वाटलं मी महापालिकेतून आलेय. नाही म्हटल्यावर चहा झाला, मग त्यांनी टॅबमध्ये डोकावून स्वतःचं घर शोधायला लावलं. सापडलं. "हे लाल का दाखवलंय? बेकायदेशीर म्हणून?" मी म्हटलं, नाही काका, लाल म्हणजे फक्त बांधकाम. ते म्हणाले, "मग बेकायदेशीर कुठल्या रंगात दाखवता?"

मी काही बोलले नाही. त्यांनी फाइल आणली. खरेदीखत होतं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला होता, वीजबिल होतं, आणि अलीकडची महापालिकेची मिळकतकराची बिलं. बांधकाम परवानगी नव्हती. त्यांच्या समजुतीने ना-हरकत दाखला म्हणजेच परवानगी. घर गावठाणाबाहेर, शेती झोनमध्ये. तिथे परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला नव्हताच. आणि कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. "आम्हाला आत घेतलं तेव्हा घर उभंच होतं की," ते म्हणाले. "घरासकट घेतलं ना?"

ही जी 'घरासकट घेतलं' ची स्थिती आहे, ती मला हद्दवाढीचा सगळ्यात खरा परिणाम वाटते, आणि आपल्या अभ्यासांत तिला जागाच नाही. कराचं बघा, त्याला वेळापत्रक आहे : नव्या भागात मिळकतकर टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्ण दरावर न्यायची तरतूद महापालिका अधिनियमात आहे. झोनला मात्र तसं वेळापत्रक नाही, म्हणजे पाळलं जाणारं नाही. या मधल्या वर्षांत ज्याला थांबणं परवडत नाही तो बांधून मोकळा होतो. जो थांबतो, रीतसर आराखडा येऊ दे म्हणतो, त्याची जमीन मोकळी राहते. मग आराखडा येतो. शाळा, बाग, दवाखाना, १८ मीटरचा रस्ता यांची आरक्षणं टाकायला नियोजनकाराला मोकळी जमीनच हवी असते. ती कुणाची? थांबलेल्याची. नियमाची वाट बघणाऱ्यावर आरक्षण पडतं आणि न बघणाऱ्याकडे गुंठेवारीचा मार्ग उरतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली होती. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. काकांचं घर त्यात बसेल की नाही हे झोन, रस्ता, आरक्षण यांवर अवलंबून, आणि झोन ठरायचाच आहे. 'हद्दवाढीमुळे नियोजनबद्ध विकास होतो' हे सरकारी वाक्य आणि 'हद्दवाढीमुळे शेती संपते' हे आपलं वाक्य, दोन्ही या मधल्या वर्षांवरून उडी मारून जातात.

साचा पूर्ण टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. शहर कुठल्या दिशेला, किती वेगाने पसरलं हे सॅटेलाईटइतकं स्वस्तात आणि प्रामाणिकपणे दुसरं काही सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदींपेक्षा माझा लँडसॅटवर जास्त विश्वास आहे. माझी तक्रार कारण सांगण्याबद्दल आहे. मोजमाप जमिनीचं, आणि दावा कायद्याचा. मधला पूल कुणी बांधतच नाही.

मी आता काय करते ते सांगते, जमलं तर वापरा. प्रत्येक गावाची एक ओळ, प्रत्येक वर्षाचा एक रकाना, आणि त्यात तीनच प्रश्न : त्या वर्षी बांधकाम परवानगी कोण देत होतं, कोणता आराखडा लागू होता, कोणती नियमावली लागू होती. वाघोलीची ओळ भरली तर २०१५ पर्यंत परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे, २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झाल्यावर तिकडे, २०२० च्या अखेरीस नियमावली बदलली, २०२१ मध्ये हद्द बदलली पण आराखडा पुण्याचा १९९७ मध्ये मंजूर झालेला प्रादेशिक आराखडाच. हद्दीचा बदल हा त्या ओळीतल्या अनेक बदलांपैकी एक, आणि झोनच्या बाबतीत सगळ्यात कमी बोलणारा. ही माहिती पेपर्समध्ये मिळत नाही. राजपत्र, नगरविकास विभागाच्या अधिसूचना, आराखड्याचे भाग नकाशे, यांत बसावं लागतं. मराठी शासकीय भाषा कंटाळवाणी असते, पण 'प्रारूप', 'वगळलेला भाग', 'मंजूर' या तीन शब्दांतला फरक कळला की अर्धं काम झालं. रिमोट सेन्सिंगच्या लोकांना हे 'आपलं काम नाही' वाटतं. मलाही वाटायचं.

माझ्या टेबलमधल्या दोन ओळी अजून अपूर्ण आहेत : फुरसुंगी आणि उरुळी देवाची. दोन्ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. पुण्याचा कचरा त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्याच उशाशी पडत होता, म्हणजे कचरा आधी आला, हद्द नंतर. महापालिकेने तिथे टीपी स्कीम हाती घेतल्या, म्हणजे जमिनी एकत्र करून, रस्ते-सुविधा काढून, मालकांना नव्याने प्लॉट वाटून द्यायची योजना. कर वाढला, सोयी आल्या नाहीत असं म्हणत गावकऱ्यांनी बाहेर पडायची मागणी केली आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षं आत, मग बाहेर. २०२४ नंतरच्या रकान्यात परवानगी कोणाची हे मी लिहिलंय. पण महापालिकेने सुरू केलेल्या त्या स्कीममध्ये ज्यांनी आपली जमीन रस्त्यासाठी सोडायची तयारी दाखवली होती, त्यांच्या गटासमोर काय लिहायचं हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा फुरसुंगीला जातेय.